हातोडीचं तोंड

चंद्रहासनी सोन्याचा पत्रा ऐरणीवरून उचलून उजेडात धरला. मधोमध मोहरीएवढा फुगवटा. त्यांनी आणखी एक ठोका दिला, तर शेजारी दुसरा. मग हातोडी उलटी करून त्यांनी तिच्या तोंडावरून अंगठा फिरवला आणि त्यांचं डोकंच फिरलं.

"हेमांगी! या हातोडीनं खिळा कुणी ठोकला?"

सोनाराच्या हातोडीचं तोंड आरशासारखं गुळगुळीत लागतं. त्याला खड्डा पडला की तोच सोन्यावर उमटतो. म्हणून या घरात नारळ फोडायलासुद्धा ती कुणी उचलत नसे. रविवारी गोखिवऱ्याच्या शकूच्या लेकीचं लग्न, आणि मंगळसूत्राच्या वाट्यांचा पत्रा असा गोवर आल्यासारखा!

सून हेमांगी ओल्या हातानंच धावत आली.

"मी तुमच्या हत्यारांना हात तरी लावते का, बाबा?"

"मग काय भुतानं ठोकला?" ते उठले, बसले, पुन्हा उठले.

"मी ठोकला," दारातून मीराताई म्हणाल्या. "कॅलेंडरसाठी. घाईत तीच हाताला लागली."

"चाळीस वर्षं सोनाराच्या घरात काढलीस, आणि ही अक्कल?"

त्यांच्या तोंडाचा पट्टा अर्धा तास चालला. बायकोनं तोवर दारात बसून तांदूळ निवडले. शेवटी कानस घेऊन ते हातोडीचं तोंड घासायला बसले.

स्वयंपाकघरात हेमांगीला राहवेना.

"आई, खोटं का बोललात? परवा खिळा बाबांनीच ठोकला. स्टूल मी धरलं होतं."

"ठाऊक आहे मला." मीराताईंनी नळ मोठा सोडला. "त्यांना आठवत नाही. गेल्या महिन्यात त्यांच्याकडून गॅस सुरू राहिला, तेव्हाच विघ्नेश म्हणाला होता, आणखी एकदा असं झालं की बाबांचं काम बंद. काम सुटलं तर हा माणूस जगेल का गं?"

हेमांगीनं भांडी घासायला घेतली. पण राग काही गेला नव्हता. सगळ्यांत आधी नाव घेतलं ते तिचंच ना!

संध्याकाळी मीराताई भाजीला गेल्या आणि विघ्नेश कामावरून आला. वडिलांसमोर चहा घेत बसला. ऐरणीशेजारी पहिली वाटी तयार होती. एक डाग नाही.

"मस्त झालीय, बाबा."

"झालीय. पण माझ्या हातोडीला खड्डा कुणी पाडला, ते अजून या घरात कुणी सांगत नाही."

विघ्नेशनं बायकोकडे पाहिलं.

"कुणी पाडला?"

सासरे तिच्याकडेच बघत होते. सकाळचं काही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं.

"मी," हेमांगी म्हणाली.

"तुला एवढंही कळत नाही?" विघ्नेश चिडला. मागोमाग चंद्रहासनी पहिल्यापासून सुरुवात केली.

"चुकलंच," ती म्हणाली, आणि पातेल्यात उरलेला चहा तिनं दोघांच्या कपांत ओतला.