हद्दीपल्याडचं डुक्कर

आमचं मालक सूर्यभान बंदुकीच्या नेमाला पक्कं, पर अकलेला कच्चं. हे मी त्यांच्या तोंडावर बोलते, मग तुमाला सांगायला कुणाची चोरी हाय?

लढाईचं साल हुतं. दुकानात दाना मिळत नव्हता, आन भंडारदऱ्याच्या अंगाला आमची नाचणी रानडुकरं रोज लोळवीत हुती. राखणीसाठी सरकारनं मालकाला बंदुकीचा परवाना दिल्ता. कायदा सरळ हुता: बार आपल्या शेतातच काढायचा. जनावर हद्दीचा दगड वलांडून सरकारी रानात पडलं, तर ते सरकारचं. तिथनं वढून आनलं की परवाना रद्द. बंदूक गेली म्हंजी नाचणी गेली, आन नाचणी गेली की चूल थंड.

त्या दिशी उजाडताना मालकानं शेतात एक दांडगं डुक्कर टिपलं. पर मेलं कुठं? पळत जाऊन हद्दीपल्याड, करवंदीच्या जाळीत! मी पोचले तर मालक आन त्यांचा भाऊ गहिनीनाथ त्याच्या पायाला दोर बांधत हुते. वाडीत बायांनी मसाला वाटायला बी घेतल्ता.

"आवं, येड लागलं का? बार ऐकून अल्लाबक्ष येतोय." अल्लाबक्ष म्हंजी रानाचा रखवालदार.

गहिनीनाथ फिदीफिदी हसला. "वैनी, त्यो मुसलमान मानूस. डुकराजवळ फिरकंल व्हय? लांबूनच म्हनंल, न्या बाबांनो."

"अरं शान्या, त्यो डुक्कर कशाला बघंल? जमीन बघंल! दवानं भिजल्या गवतात एवढं धूड वढलं, तर आंधळ्याला बी माग घावंल."

ऐकतायत कशाला! दोर ताणला. मग मी सरळ डुकरावर बसले. "वढा आता, माझ्यासकट!"

मालकाचं तोंड लालबुंद झालं. "चांगुने, ऊठ! वाडीत हसं व्हईल माझं." मला बी भ्या वाटत हुतं, न्हाई असं न्हाई. पर उठले न्हाई.

अल्लाबक्ष आला. नाकाला उपरणं लावलं, डुकराकडं ढुंकून बघितलं न्हाई. हद्दीच्या दगडापासनं खाली वाकून गवत बघत बघत आला. गहिनीनाथाच्या हातातला दोर गळाला.

"भाई," मी उठून म्हनाले, "बार शेतात झाला. बंदूक बांधावर हाय. जनावर पडलं तिथंच हाय."

"व्हय. रगत हाय, वढल्याचा माग न्हाई. डुक्कर सरकारचं, बंदूक तुमची." मग तोंड फिरवून म्हनाला, "चांगुणाबाई, दोर तेवढा सोडून घ्या. मी काय तिकडं बघितलं न्हाई."

दिसभर मालक माझ्याशी बोलले न्हाईत. वाडीतल्या बायांनी वाटल्या मसाल्यात वांगी घातली आन मला शिव्या घातल्या. घालू देत! माझं काय झिजतंय?

तिन्हीसांजंला हाळी आली, शेतात कळप शिरला म्हनून. मालक ताडकन उठले, खुंटीवरची बंदूक घेतली आन दारात थांबून एकदा बंदुकीकडं, एकदा माझ्याकडं बघितलं.

"काय?" मी इचारलं.

"काय न्हाई," म्हनाले, आन पळाले.

मी पीठ मळायचं सोडून तशीच बसले. शेतातनं बार ऐकला, तवा कुठं माझा जीव भांड्यात पडला.