माळणींची जागा

अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. अकोल्याच्या बाजाराकडे निघालेल्या गाड्यांची रांग मोर्णा नदीच्या पलीकडे जाऊन भिडायला लागली. त्याच हंगामात बाजाराच्या पंचांनी नवी पट्टी काढली. वेशीतून येणाऱ्या दर गाडीमागं झोळीभर कापूस. रस्ता बांधायला, असं सांगितलं. पंच सगळे अडते. गाडीवाला त्यांच्यात एकही नव्हता, आणि रस्ताही कुठं दिसत नव्हता.

नत्थुजी म्हणून एक उंचापुरा कुणबी होता. स्वतःच्या गाड्या घेऊन आला होता. वेशीतल्या शिपायानं झोळी पुढं केली तशी त्यानं बैल सोडले, जू खाली ठेवलं आणि म्हणाला, "गाडी येती नाई अन् जाती नाई. कोनाले इचारून पट्टी लावली, थे आदी सांगा."

मागच्यांनीही बैल सोडले. नदीकाठी गाड्यांचं गावच वसलं.

त्या काठावर मनकर्णा माळणीचा मळा होता. वांगी, मेथी, मुळा आणि बांधावर झेंडू. नवरा वारल्यापासून मळा तीच बघायची आणि टोपली डोक्यावर घेऊन बाजारात बसायची. गाडीवाल्यांची चूल पेटत नाही हे पाहून तिनं भाजी तिकडंच वळवली. नुसती वळवली नाही. गंगूबाईला आणि बाकीच्या माळणींना म्हणाली, "गाड्या सुटत नाईत तवर आपली टोपली बी वेशीत जानार नाई. खाऊ दे शेठजीले कोरडी भाकर."

अकोल्यात भाजी मिळेनाशी झाली. अडत्यांच्या घरच्या बायका कुरकुरायला लागल्या, आणि गाड्यांपेक्षा पंचांना तेच जास्त झोंबलं.

संध्याकाळी शाळेचे वामनराव मास्तर काठावर येऊन बसत. ते वाचलेलं सांगत. "ज्या अमेरिकेमुळे तुमच्या कापसाला भाव आला, ती पूर्वी इंग्रजांच्याच ताब्यात होती. तिथंही पट्टी लागली. लोक म्हणाले, तुमच्या सभेत आमचा माणूस नाही, तर आमच्याकडून पट्टी कशी घेता? भांडले, लढले, स्वतःचं राज्य उभारलं. त्यांचा सेनापती वॉशिंग्टन. लढाई जिंकल्यावर त्यानं सेनापतिपद परत केलं आणि शेतावर गेला. लोकांनी त्याला पुन्हा बोलावून राज्याचा पुढारी केला, तरी तो जन्मभर चिकटून बसला नाही."

नत्थुजी मांडीवर थाप मारून म्हणाला, "अस्सा पुढारी पाह्यजे!"

मनकर्णा चुलीपाशी मुळे निवडत होती. तिलाही ते फार आवडलं. आमचा माणूस नाही तर आमची पट्टी नाही. एवढं साधं बोलणं आपल्याला आजवर कोणी कसं सांगितलं नाही, याचंच तिला नवल वाटलं.

शेवटी पंच नमले. झोळी बंद झाली आणि पंचांत दोन शेतकरी घ्यायचे ठरले. त्यातला एक अर्थात नत्थुजी. गाड्या गुलाल उधळीत वेशीतून आत गेल्या. मनकर्णानं झेंडूची माळ स्वतःच्या हातानं नत्थुजीच्या बैलांच्या शिंगांना बांधली.

नव्या पंचांची बैठक पहिल्याच बाजारी झाली. दुपारी दवंडी पिटली. गाड्यांना पट्टी माफ. बाजाराच्या खर्चासाठी यापुढं दर टोपलीमागं दोन मुठी भाजी.

गंगूबाईला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मनकर्णा उठली ती तडक बैठकीत गेली. निंबाखाली जाजमावर सगळे बसले होते.

"नत्थुजी, थे दवंडी तुमी देल्ली?"

"पंचायनं देल्ली," नत्थुजी म्हणाला. त्यानं मान वर केली नाही. "खर्च कुठून तरी काहाडा लागते ना बाई. दोन मुठी भाजी म्हंजे काय मोठं?"

"झोळीभर कापूस बी काय मोठा होता? तुमी बैल काहून सोडले मंग?"

एक अडत्या हसला. नत्थुजीचे कान लाल झाले. "थे गोठ येगळी. बायायची टोपली अन् कास्तकाराची गाडी एक होते का?"

"गाड्या थांबल्या तवा एक होती!" मनकर्णाचा आवाज चढला. "तवा माह्या मेथीवर जेवले तुमी. आमची टोपली आत गेली असती, तर हे शेठ तुमाले इचारनार होते का?"

"बाई, घरी जा," कोणीतरी म्हणालं.

ती घरी गेली नाही. शाळा सुटत होती. ती मास्तरांच्या ओसरीपुढं जाऊन उभी राहिली. "मास्तर, त्या तुमच्या अमेरिकेत राज्य झाल्यावर सगळ्यायले जागा भेटली का?"

खोटं बोलणं वामनरावांना जमत नसे. "नाही. बायकांना नाही. आणि तिथं गुलाम होते, विकत घेतलेली काळी माणसं. त्यांनाही नाही. उलट सभेत कुठल्या मुलखाचे किती लोक बसायचे ते ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरली. त्या हिशेबानं मालकांच्या मुलखाला जास्त जागा मिळाल्या."

"म्हंजे मुंडकं मोजाचं त्यायचं, अन् बसाचं मालकानं?"

"हो."

"अन् तो शेतावर गेलेला सेनापती?"

"त्याच्या शेतावर गुलामच राबत होते."

मनकर्णा म्हणाली, "थे तुमी नदीवर नाई सांगतलं."

"नाही सांगितलं," मास्तर म्हणाले. "लोक उत्साहात होते."

"आमी बी उत्साहातच होतो, मास्तर."

दुसऱ्या बाजारी माळणी वेशीत टोपल्या खाली ठेवून बसल्या. मूठही देईनात आणि वाटही सोडीनात. शिपायानं गंगूबाईची टोपली लाथेनं उडवली. वांगी धुळीत गेली. तशा बाया एकदम उभ्या राहिल्या, आणि शिपाईच मागं सरला. दिवस कलायच्या आत नत्थुजी आला आणि म्हणाला, "पंचायले तुमची कीव आली. टोपलीची पट्टी माफ. आता उठा."

गंगूबाईनं हात जोडले. मनकर्णानं तिचे हात खाली ओढले. "कीव कोनं मांगतली? मुठी घ्या दोनाच्या चार, पन जाजमावर एक माळीन बसवा."

"थे होनार नाई."

"मंग तुमचा बाजार तुमाले लखलाभ."

माळणींनी आपला बाजार मोर्णेच्या काठी मांडला. गिऱ्हाईक आधी नाक मुरडत आलं, मग नेमानं यायला लागलं. जागा झाडायची पाळी, पाण्याचे रांजण, भांडणं, सगळं बघायला त्यांनी आपल्यातल्याच पाच जणी निवडल्या. मनकर्णाला पहिली निवडली.

महिनाभरात चंद्रभागा आली. महारवाड्यातली, सरपणाच्या मोळ्या विकणारी. तिच्यासोबत आणखी तिघी होत्या. त्या रोज बाजाराच्या कडेला बसत, झाडायची पाळीही करत, तरी मोळ्यांच्या जागेवरून माळणी त्यांच्याशी तंडत. ती दूर उभी राहूनच म्हणाली, "मनकर्णाबाई, आमी बी झाडून राह्यलो. तुमच्या पाचात आमची एक घ्या."

गंगूबाई ताडकन म्हणाली, "काहून व? मोळीवालीले आमच्या पंगतीत बसवू? उद्या रांजनाले हात लावशीन!"

आणखी दोघीतिघींनी माना डोलावल्या. मनकर्णाच्या तोंडावर रक्त चढलं. खरं तर रांजणाचं तिच्याही मनात आलं होतं, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला.

"गंगू, तुह्यी वांगी शिपायानं लाथंनं उडवली तवा तू रडली होती. ही तं कोनी लाथ न मारताच दूर उभी हाय तिकडं. नत्थुजीले शिव्या देत आपन इथं आलो, अन् आपनच नत्थुजी झालो!"

"जात सोडू का तुह्यासाठी?"

"झाडू घेताना तिची जात आठोली नाई तुले!"

गंगूबाईनं टोपली उचलली. तिच्यामागं चौघी उठल्या आणि नदी ओलांडून जुन्या बाजाराच्या वाटेला लागल्या. मनकर्णानं त्यांना हाक मारली नाही. गंगूबाई तिची लहानपणापासूनची मैत्रीण होती. ती पाण्यात उतरेपर्यंत मनकर्णा तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं आपलं गोणपाट झटकलं, निम्मं मोकळं करून ठेवलं आणि चंद्रभागेला म्हणाली, "ये, बस. सरपनाच्या जागेवरून तंटा हाय, तोच आदी काहाडू."