मुकं ‘हो’

“जोरात दाबा ना, बाबा!” नणंद म्हणाली आणि मीटरबाईच्या डोक्यात तिडीक गेली.

“ताई, ती काही दाराची बेल नाही. नुसतं बोट टेकवलं तरी पुरतं.”

गल्लीत सगळे तिला मीटरबाईच म्हणत. रेडिओ असो की मिक्सर, मीटर लावून बघितल्याशिवाय ती स्क्रूला हात लावत नसे. बाहेरच्या खोलीत तिचं दुरुस्तीचं टेबल, आतल्या खोलीत सासऱ्यांची खाट. सासऱ्यांनी जन्मभर बस चालवली. अर्धांगाच्या झटक्यात वाचा गेली ती गेलीच. उजव्या हाताची दोन बोटं तेवढी हलत. बोलायला एक जुनी पेटी होती. एक बटण दाबलं की ती ‘हो’ म्हणायची, दुसरं दाबलं की ‘नाही’. बटणं बोटांना जड जायला लागली, म्हणून मीटरबाईनेच ती काढून स्पर्शावर चालणाऱ्या नव्या चकत्या बसवल्या, आणि तिथून घराला साडेसाती लागली.

‘नाही’ ठणठणीत वाजायचं. औषध? नाही. अंघोळ? नाही. पण ‘हो’ वाजेल तर शपथ. चहा हवा का म्हटलं तर पेटी गप्प, आणि समोर ठेवलेला चहा मात्र सासरे शेवटच्या थेंबापर्यंत पिणार. आज तर पोटची पोर विचारत होती, “बाबा, ओळखलंत ना मला?” तरी पेटी गप्पच.

“त्यांना आता काही कळत नाही गं,” नणंदेने निकाल देऊन टाकला. तिने एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता. “माणसं चांगली आहेत तिथली. बाबांच्या बसवरचा कंडक्टरही तिथेच राहतो. पण खोली आज संध्याकाळपर्यंतच धरून ठेवणार आहेत. हवं तर विचार त्यांना.”

विचार काय विचार! मीटरबाईने शंभरदा विचारलं होतं. “बाबा, जायचंय का तिथे?” पेटी गप्प.

“बघा, ‘हो’ म्हणत नाहीत.”

“मौन म्हणजे संमती,” नणंद म्हणाली.

“मौन म्हणजे वायर सैल!” मीटरबाई फटकन बोलली. पेटी बोलत नाही म्हणून माणसाला वेड्यात काढायचं आणि घराबाहेर पाठवायचं, हा कुठला न्याय? सुनेला दुकान काढायचंय म्हटल्यावर याच माणसाने स्वतःची खाट आत ओढून बाहेरची खोली मोकळी करून दिली होती. त्यांना असं कसं जाऊ द्यायचं? तिने पेटी खाटेशेजारच्या स्टुलावर उघडली.

वायर सैल नव्हती. सोल्डरचे डागही पक्के होते. नवरा मागे येऊन उभा राहिला. “बॅटरी मोठी लावून बघ ना.”

“लावते की. मग चकत्या जळतील, त्या तू विझव.”

तो मुकाट्याने खिडकीशी जाऊन बसला. तिने मीटर लावला आणि सासऱ्यांचं बोट ‘हो’वर टेकवलं. काटा सव्वातीन व्होल्टच्या जरा पुढे जाऊन थांबला. तिने कपाळावर हात मारून घेतला.

नव्या चकतीचा आवाजच तेवढा. चकतीने जीव तोडून ‘हो’ म्हटलं तरी सव्वातीन. पेटी पडली पाच व्होल्टच्या जमान्यातली. साडेतीनच्या खाली काही आलं की ती दाबलंच नाही असं धरून चालते. ‘नाही’ची चिप मागे कधीतरी बदललेली, दुसऱ्या जातीची, तिला दोन व्होल्टही पुरत. म्हणजे सासरे रोज ‘हो’ म्हणत होते आणि पेटी बहिऱ्यासारखी बसून होती.

“अरे, निदान एकमेकांना विचारून तरी बनवा!” ती कुणाला ओरडत होती कोण जाणे. “एक म्हणतो हे ‘हो’, दुसरा म्हणतो याला ‘हो’ म्हणतच नाहीत. मधल्या मधे माणूस मेला!”

टेबलाच्या खणात लेव्हल शिफ्टर होता. नखाएवढी पट्टी ती, एका बाजूने सव्वातीन घेते आणि दुसऱ्या बाजूने पाच करून देते. नणंद सारखी घड्याळाकडे बघत होती. त्या घाईत मीटरबाईने पट्टी उलटी लावली, स्वतःलाच चार शिव्या दिल्या आणि सोडवून सरळ लावली.

“विचारा आता.”

“बाबा,” नणंद म्हणाली, “ओळखलंत मला?”

“हो.”

नणंद रडायलाच लागली. मीटरबाईला आता कोण चेव आला! “कळत नाही म्हणे! सगळं कळतंय त्यांना. थांबा, पुढचं मीच विचारते. बाबा, जायचंय का तुम्हाला त्या आश्रमात?”

“हो.”

तिला वाटलं, बोट चुकून लागलं. तिने पुन्हा विचारलं. पेटीने पुन्हा तेच सांगितलं.

आणि मग तिच्या डोक्यात उजेड पडला. ‘नाही’ तर कधीही वाजत होतं. नको असतं तर पहिल्याच दिवशी त्यांनी ‘नाही’ दाबलं असतं. एवढं साधं गणित, आणि ती रोज त्या गप्प पेटीत आपल्याला हवं ते ऐकत बसली होती.

“माझं काही चुकलं का, बाबा?”

“नाही.”

“मग कंडक्टरसाठी?”

दोन्ही बोटं एकदमच ‘हो’वर आली. “हो.”

“पट्टी परत उलटी लागली असेल गं,” खिडकीशी बसलेला नवरा चाचरत म्हणाला. “एकदा तपासून बघ.”

नणंदही तिच्याकडेच बघत होती. मीटरबाईने नुसतं ‘पट्टी खराब आहे’ म्हटलं असतं, तर सगळ्यांनी ऐकलं असतं. या घरात मीटर तिला एकटीलाच वाचता येत होता. संध्याकाळ सरली असती, खोली गेली असती आणि सासरे इथेच राहिले असते. तेही तिच्याकडेच बघत होते, बोट ‘हो’वरून न काढता.

तिने मीटर लावला. पाच.

“वायर ठीक आहे,” ती म्हणाली. “ताई, आश्रमात फोन लावा.”