पुठ्ठ्याचं नाक

संयोगितानं पुठ्ठ्याच्या लांब नाकाला इलॅस्टिक ओवलं आणि ते जयराजच्या तोंडावर बसवून पाहिलं. दुसरीतलं पोर, पण पाठीला पोक काढून, बोटं वाकडी करून असं काही हसलं, की तिनं हात मागं घेतला.

पलूसच्या शाळेचं गॅदरिंग रविवारी होतं. बाईंनी एका जुन्या इंग्रजी कादंबरीवरून नाटुकलं बसवलं होतं. त्यातला पोरं पळवणारा म्हातारा ज्यू म्हणजे जयराज. सांगलीला एम.ए. करताना संयोगितानं असल्या म्हाताऱ्यांवर पानंच्या पानं लिहिली होती. लेखकांनी ज्यूला माणूस म्हणून बघितलंच नाही, असंही लिहिलं होतं. पेपर दिला, विसरून गेली. आता ते नाक तिच्याच हातांनी तयार झालं होतं.

सासरे, फौजेतून निवृत्त झालेले नाथाजी, अंगणातून आत आले. "आमच्या पलटणीतल्या पेणकर साहेबांना फोन लावला. रविवारी पुण्यासनं येत्यात."

"कशाला, आप्पा?"

"कशाला म्हंजे? साहेब ज्यूच की, कोकणातलं. नातू तुमचं सोंग घेतोय म्हणलं. लय खूश झालं."

गावच्या जत्रेत मारुतीचं सोंग पिढ्यान्‌पिढ्या याच घराकडं होतं. सोंग म्हणजे मान, एवढंच आप्पांना ठाऊक.

"ते सोंग चांगलं नाही, आप्पा," ती कशीबशी म्हणाली.

आप्पांचं लक्षच नव्हतं. भिंतीवरचा फोटो काढून त्यांनी नातवापुढं धरला. सफारीतले पेणकर साहेब, मांडीवर तान्हं बाळ. "ह्यो तुजा पप्पा. बारशाला आलं हुतं साहेब."

जयराजनं नाक कपाळावर सरकवलं. "हे खरे ज्यू?"

"व्हय."

"मग त्यांनी पप्पांना परत का दिलं?"

आप्पा फोटोकडं बघत राहिले, मग सुनेकडं. "ह्ये कुणी शिकिवलं गं पोराला?"

"ह्या नाटकानंच," म्हणत संयोगितानं बाईंना फोन केला आणि ते सोंग काढून टाकायला सांगितलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "अहो ताई, पुस्तकातच तसं आहे. आणि इथं कुणाला काय कळतंय? जयराज नसेल तर वीरधवल करेल. नाक तेवढं पाठवून द्या."

आप्पा कॉटवर टेकले होते. "साहेबांना आता येऊ नका कसं म्हणू?"

"मी बोलते," म्हणत तिनं त्यांचा फोन घेतला. पलीकडं घंटा एकदाच वाजली.

"बोल नाथा," थकलेला, हसरा आवाज आला. "आमच्या सोंगाला खाऊ काय आणू रे?"