वरचा सा

पृथ्वीराजनं कीबोर्डवर पडलेला मळका रुमाल दोन बोटांत धरून बाजूला टाकला आणि नाइलाजानं स्टुलावर बसला. सकाळपासून वाजवणारा बाळासो चहाला गेला होता. बाळासोची सगळी विद्या ट्रान्सपोजच्या बटणात. गाणाऱ्याची पट्टी कुठलीही असो, बटण दाबून पट्टी बदलायची आणि बोटं मात्र नेहमीच्याच जागी फिरवायची. याला वादक म्हणायचं तर मिक्सरलाही सुगरण म्हणावं लागेल.

हंबीररावांच्या ऑर्केस्ट्रात गायिकेची एक जागा होती आणि निवड करायला त्यांनी पृथ्वीराजला बोलावलं होतं. मुली येत होत्या, केकाटून जात होत्या. आता समोर उभी होती आदिती, पेठ वडगावची. तिचे वडील अण्णाप्पा पिशवी घेऊन दाराशी बसले होते.

"पोरगी घाबरलीया, सर. जरा सांभाळून घ्या की," हंबीरराव म्हणाले.

"सूर सांभाळायचा असतो. पोरगी नाही."

आदितीनं मोबाइलवरच्या तानपुऱ्यातून सा घेतला, मोबाइल बंद केला आणि आलाप सुरू केला. पट्टी काळी पाच. पृथ्वीराजला बटणाची गरज नव्हती. त्यानं डाव्या हातानं फक्त म आणि नी दाबून धरले. अख्खी डॉमिनंट कॉर्ड, चार सुरांचा झुबका, आडदांडांनी वाजवावी. तिचा जीव या दोन सुरांतच असतो. ते एकत्र वाजले की कानाला घराची, म्हणजे सा-ची, ओढ लागते. या जोडीला घरं मात्र दोन, एकमेकांपासून अर्ध्या सप्तकावर. शिकवणीत तो हे सांगायचा तेव्हा पोरं माना डोलवायची. कळायचं एकालाही नाही.

आलाप चढत गेला. तिनं वरचा सा लावला आणि त्याच क्षणी त्यानं सा-ची कॉर्ड टाकली.

घासात खडा यावा तसं झालं. त्याची कॉर्ड त्या दोन सुरांतून अगदी सरळ उतरली होती, तेव्हा चूक कुणाची हे उघडच होतं. त्यानं कॉर्ड पुन्हा आपटली. ती भेदरली, पण सूर तिनं हलवला नाही.

"थांब. कुठं चाललीयास?"

"सर, माझा सा..."

"तुझा सा गेला वडगावला."

हंबीरराव खो खो हसले. काय करावं न कळून अण्णाप्पाही थोडे हसले.

आवाज कमी करायला पृथ्वीराजनं हात पुढं केला, तेव्हा त्याला कीबोर्डच्या पडद्यावरचा आकडा दिसला. ट्रान्सपोज, सहा. बारा पट्ट्यांतल्या सहा, म्हणजे अर्धं सप्तक. बाळासोनं तसंच ठेवलेलं. म दाबला की नी वाजत होता, नी दाबला की म. जोडी तीच, म्हणून त्याला काही कळलं नाही. मग सा-ची कॉर्ड टाकताना तो खुशाल दुसऱ्या घरात जाऊन बसला होता. पोरगी आपल्याच घरात होती.

त्याचे कान तापले. हंबीररावांना नुसता तो आकडा दाखवला की झालं असतं. पण दारात चहाचा ग्लास घेऊन बाळासो उभा होता. पृथ्वीराजला स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेचा रागही पोरीवरच निघाला. त्यानं हळूच आकडा शून्यावर आणला.

"परत घे. कान उघडे ठेवून."

या वेळी कॉर्ड बिनचूक होत्या. पण आदितीचे डोळे त्याच्या बोटांवर होते. वरच्या सा-जवळ आल्यावर ती घुटमळली, चाचपडली आणि तिचा आवाज फाटला.

"लई तिखट कान, सर! मी तर फसलोच असतो," हंबीरराव म्हणाले. बाळासोनंही मान डोलावली.

अण्णाप्पांनी पिशवी उचलली. आदिती मात्र पाया पडायला पुढं आली.

"सर, नेमकं कुठं चुकलं तेवढं सांगा. घरी बसवते."

पृथ्वीराजनं तिच्याकडं पाहिलं नाही.

"वरचा सा. चढा लागतो तुझा."

तिनं डोळे मिटले आणि तिथंच वरचा सा लावला. स्वच्छ लागला. मग तो तिनं हळूहळू खाली ओढला, पार बेसूर होईपर्यंत.

"आता आला, सर?"