धुक्यात दिसलेली धावपट्टी

ही, माझी बायको, वारल्याचं कंट्रोल टॉवरमध्ये कळलं, तेव्हा धुक्यातही धावपट्टी दाखवणारा, हिने मागितलेला पडदा मंजुरीवाचून अडूनच होता. आम्ही दोघं तिथेच कामाला. साहेब म्हणायचे, "खर्च डोळे पांढरे करणारा, वर म्हाताऱ्यांना शिकवा!" ही म्हणायची, "शिकतील हो. धुक्यात विमानं दुसरीकडे पाठवतो, ते काय फुकटात होतं?"

शेवटी पडदा आला. काल दाट धुकं पडलं आणि सवयीने मी दुर्बीण उचलली. शेजारची सहकारी हसली, "अण्णा, ती ठेवा, पडद्यावर बघा!" धावपट्टी मोकळी दिसत होती. मी एकेक विमान उतरवत गेलो. एकही दुसरीकडे पाठवावं लागलं नाही. साहेब ओरडले, "अण्णा, तुमच्या बाई जिंकल्या!"

हिच्या मागणीतलं, विमानं उभी राहतात ती जागाही पडद्यावर आणायचं काम अजून बाकी आहे.