तिसऱ्या रांगेतले ओठ

पुरस्कार सोहळ्यांबद्दल माईची मतं ठाम होती आणि ती ऐकून घेतल्याशिवाय त्या घरात कुणाला सोहळा बघताच येत नसे. पहिलं मत असं, की बक्षीस कुणाला जाणार हे खुर्ची बघूनच कळतं. ज्याला मिळायचं तो रांगेच्या कडेला, येण्याजाण्याच्या वाटेवर. ज्याच्या तोंडाला पानं पुसायची तो मधे कोंबलेला. दुसरं, "मला तर अपेक्षाच नव्हती" असं म्हणणाऱ्याच्या खिशातून घडी घातलेला कागद निघणार म्हणजे निघणार. तिसरं, रडणाऱ्या नट्यांमधली एकच खरी रडत असते आणि ती म्हणजे हरलेली. सूत्रसंचालकांबद्दलचं मत ती लहान मुलं घरात असताना सांगत नसे.

बरं, हे सगळं ती आवाज न ऐकता ठरवायची. माईने सूतगिरणीत बावीस वर्षं काढली होती. त्या धडधडाटात कान गेले ते गेलेच, पण तिथल्या सगळ्या बायकांसारखी तीही ओठ वाचायला शिकली. दुसरा इलाज काय होता? चार यंत्रांपलीकडून कुणाला कळा सुरू झाल्या, कुणाचा नवरा परत आला, मुकादम कुणाच्या नावाने खडे फोडतोय, सगळं ओठांवरून कळायचं. त्यामुळे कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरायला लागला की घरातले सगळे टीव्ही सोडून माईकडे बघायचे.

"ही म्हणतेय, बूट चावतोय मेला. आणि तो पांढऱ्या कोटातला बायकोला म्हणतोय, टाळ्या वाजव, आपल्याला पण दाखवतायत."

घर हसून लोळायचं. आता खरं सांगायचं तर त्यातलं निम्मं माई वाचायची आणि निम्मं पदरचं घालायची. चेहरा अर्धा सेकंद दिसतो, त्यात कुणाला मिशा, कुणाचा हात तोंडावर. वाचणार काय, कपाळ? पण हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणाची काही तक्रार नव्हती.

त्या रविवारी दुपारी चारला सोहळा लागला, तेव्हा समोर फक्त माई आणि सून होत्या. समारंभ होऊन आठवडा उलटला होता. चॅनेलवाले कापाकापी करून, जाहिराती खोचून आज दाखवत होते. खरं म्हणजे यंदा घर भरायला हवं होतं, कारण माईची लेक त्यात दिसणार होती. प्रेक्षकांनी पाठवलेली मतं जिथे मोजतात त्या कचेरीत ती होती. यंदाची मोजणी तिच्याकडे होती आणि "प्रेक्षकांची पसंती" या बक्षिसाचं बंद पाकीट घेऊन रंगमंचावर तीच गेली होती. पण ती स्वतःच आतल्या खोलीत इस्त्री करत बसली होती. बुधवारपासून वर्तमानपत्रांत बोभाटा चालला होता, की मतांचे आकडे फिरवले, चौकशी बसवा. आणि पाच वाजता तिचे साहेब, ज्यांना ती सर म्हणायची, घरी येणार होते. तिच्या दोन सह्या हव्या होत्या त्यांना. मोजणी माझ्या देखरेखीखाली झाली, एवढंच लिहिलंय म्हणे, नुसती औपचारिकता.

"रविवारी कसली सही?" माईने सकाळीच विचारलं होतं. "कचेरी पळून चाललीय का?"

"आई, सर स्वतः आपल्या घरी येतायत. एवढा मोठा माणूस. तुला त्यातही खोट दिसते का?"

माईला मात्र ती सही आवडली नव्हती. आवडली नव्हती म्हणजे नव्हतीच.

पाऊण तासाने लेक पडद्यावर आली. निळा पोशाख, हातात पाकीट, पावलं मोजून टाकत चाललेली. माईने सुनेच्या दंडाला चिमटाच काढला. पाकीट उघडलं आणि बक्षीस गेलं अशा एका हिरोला, ज्याचा सिनेमा माईच्या ओळखीतल्या एकाही माणसाने पाहिला नव्हता. कडेच्या खुर्चीवरून तो उठला, खिशातून कागद काढला. माईने नाक मुरडलं. मग कॅमेरा त्याच्या बायकोवर गेला आणि तिथेच थांबला, कारण ती बाई रडत होती. तिच्या बरोबर मागे, तिसऱ्या रांगेत, सर बसले होते.

सरांना ना दाढी ना मिशी. तोंड मोठं, बोलणं सावकाश. टाळ्या वाजवत, हसत ते शेजाऱ्याकडे वळून बोलत होते. रडणारी बाई हलली नाही, म्हणून कॅमेराही हलला नाही आणि माईला पदरचं काहीच घालावं लागलं नाही.

"आकडे माझ्याकडे आहेत, घाबरू नका. चौकशी लागलीच, तर मोजणी त्या मुलीची होती. सही तिचीच घेतो."

तिने रिमोटने चित्र मागे नेलं, पुन्हा बघितलं. परत मागे नेलं. तिसऱ्यांदाही सर हसत तेच बोलले.

"काय म्हणतायत हो ताईंचे साहेब?" सुनेने समोर येऊन हसत विचारलं. "त्यांचाही बूट चावतोय?"

माईने सांगितलं. सून हसली. मग माईचा चेहरा बघून तिचं हसू आवरलं. "माई, अहो, अशी चेष्टा नका करू. ताईंच्या डोक्याला आधीच ताप आहे."

"चेष्टा करायला मला काय धाड भरलीय? बोलाव तिला!"

लेक आली. माईने तिलाही ते दाखवलं आणि एकेक शब्द सांगितला. लेकीला दिसला तो टाळ्या वाजवणारा एक हसरा माणूस.

"आई, आज नको," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाबद्दल काहीही बोल, सरांबद्दल नको. ते माझ्याबद्दल काय म्हणाले होते, ते तूच मला सांगितलंस ना?"

आणि इथेच माईची पंचाईत झाली. कारण सांगितलं होतं. तिनेच सांगितलं होतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. लेक कचेरीतून रडत आली होती. राब राब राबते, कुणाला माझं नावसुद्धा माहीत नाही, उद्या राजीनामा देते. चिठ्ठी लिहून पर्समध्ये ठेवली होती. टीव्हीवर असाच सोहळा चालू होता आणि अर्ध्या सेकंदापुरते सर दिसले. पोरीचं रडणं माईला बघवेना. ती पटकन म्हणाली, "अगं, तुझे सर! शेजारच्याला म्हणतायत, आमच्याकडची ती मुलगी आहे ना, सोनं आहे सोनं!" सर प्रत्यक्षात म्हणाले होते, जेवण कधी आहे? लेक उठली, तोंड धुतलं आणि चिठ्ठी फाडून टाकली.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. दुसऱ्या दिवशी लेकीने लाजत लाजत सरांना विचारलं आणि सर पापणीही न हलवता म्हणाले, "हो, म्हटलं होतं. तुझ्या आईने बरोबर पकडलं." लेक नाचत घरी आली. माईच्या मनात मात्र आलं, न बोललेलं वाक्य हा माणूस किती सहज आपलं म्हणून घेतो! तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण त्याचं खोटं उघडं करायचं तर आधी स्वतःचं करावं लागणार आणि पोरगी तर फुललेली. माईने तोंडाला कुलूप लावलं. दोन वर्षं ते कुलूप तसंच राहिलं आणि लेक त्या एका वाक्यावर रात्रंदिवस राबली.

"ऐक," माई म्हणाली, "त्या वेळचं जे मी..."

पण लेकीने मान वळवली होती. बेल वाजली असावी, कारण ती दाराकडे पळाली.

सर आले. बगलेत फाईल, तोंडभर हसू. बहिऱ्या माणसांशी बोलताना लोक जबडा फाडतात तसा फाडून त्यांनी विचारलं, "कशा आहात, माई?" म्हातारीला काडीचं वाचता येत नाही, नुसती ठोकून देते, अशी त्यांची खात्री होती. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होतं म्हणा. सोनं हा शब्द त्यांनी कधी उच्चारलाच नव्हता. सून चहा ठेवायला आत गेली. सरांनी फाईल उघडून टेबलावर ठेवली, पेनही काढून दिलं. इतक्यात त्यांचा फोन थरथरला. "एकच मिनिट," म्हणत ते गॅलरीत गेले आणि त्यांनी काचेचं दार लावून घेतलं.

दार काचेचं होतं आणि माईची खुर्ची समोरच होती.

"पोचलो," माई मोठ्याने म्हणाली. लेकीने दचकून वर बघितलं. "दहा मिनिटांत होईल... नाही, ती वाचत बसत नाही. माझ्यावर भरवसा आहे तिचा... तुम्ही उद्या सकाळी तिचं नाव जाहीर करून टाका."

"आई, पुरे!"

"बाळा, सही करू नकोस. पाया पडते तुझ्या. केसाने गळा कापतोय तो."

सर आत आले. आणि त्या भोळ्या पोरीने काय करावं? तिने सगळं त्यांनाच सांगितलं. अर्धवट हसत, शरमून, "सर, आई काय म्हणतेय बघा ना," अशा थाटात. सरांचा हात खुर्चीच्या पाठीवर होता तो तिथेच थांबला. त्यांनी माईकडे बघितलं आणि या वेळी नीट बघितलं. मग ते खुर्चीवर बसले.

"घरी सांगत होतो, उशीर होईल म्हणून," ते लेकीला म्हणाले.

"खोटं बोलतात!" माई उभी राहिली. आता लपवायला काही उरलं नव्हतं. "आणि दोन वर्षांपूर्वी मी खोटं बोलले. ते तुला सोनं म्हणालेच नव्हते. जेवण कधी आहे, असं विचारत होते. तू रडत होतीस म्हणून मी बनवून सांगितलं. आणि यांनी हो म्हटलं! जे मीच बनवलं, त्याला हे हो कसं म्हणाले, विचार त्यांना. विचार की!"

माईला वाटलं, झालं. यातून आता याची सुटका नाही. लेकीचा चेहरा पांढरा पडला होता. ती माईकडे बघत होती. सरांकडे नाही, माईकडेच.

"बनवून सांगितलंस?" लेकीचे ओठ हलले. "दोन वर्षं?"

"तुझ्यासाठी गं."

सर पुढे झुकले. चिडले नाहीत, घाईही केली नाही. हळू, मायेने बोलावं तसं बोलले. "आईला काय वाटतं ते मला माहीत नाही. त्यांनी बनवलं असेलही. पण मी म्हटलं होतं. त्याच दिवशी, तिथेच. मला चांगलं आठवतंय. तू सोनं आहेस. आजही म्हणतो."

लेकीचे डोळे भरून आले. दोन वर्षं ज्या वाक्यावर ती जगली, ते आई हिसकावून घेत होती आणि तो माणूस परत देत होता. माईला ते लख्ख दिसलं आणि त्यापुढे तिच्याकडे द्यायला काहीच नव्हतं. तिच्या एकाही शब्दाची आता त्या घरात किंमत उरली नव्हती.

"पोरी, माझ्याकडे बघ. नुसतं बघ माझ्याकडे."

लेकीने खुर्ची ओढली आणि ती माईकडे पाठ करून टेबलाशी बसली. मुद्दाम केलं तिने. आईशी बोलायचं नसलं की लहानपणीही ती असंच करायची, हे त्या घरात फक्त दोघींना माहीत होतं. ती काय बोलत होती ते माईला दिसेना. तिच्या डोक्यापलीकडून दिसत होते ते फक्त सर, तिला उत्तर देणारे.

"इथे. आणि मागच्या पानावर. तारीख मागच्या रविवारची टाक."

लेकीची मान खाली गेली, कोपर हललं. तेव्हा सरांनी नजर उचलून माईवर रोखली. त्यांचे ओठ हलले, पण गळ्याची शीर हलली नाही, छाती हलली नाही. बावीस वर्षं गिरणीत काढलेल्या बाईला आवाज न काढता बोलणारा माणूस ओळखू येतो. एकेक अक्षर सुटं करून, फक्त तिच्यासाठी, तो म्हणाला, "आता सांगा कुणाला सांगायचं ते."

माईने ते जसंच्या तसं मोठ्याने म्हणून दाखवलं. घसा दुखेपर्यंत ओरडून म्हणून दाखवलं.

लेकीने मागे वळून पाहिलं नाही. तिने पान उलटलं आणि दुसरी सही केली.